बराकीतल्या बावळट शिपायाने फ्रान्सला हसवलं, पण हरलेल्या युद्धानंतर त्याच्या कॉमेडीचा रंगच बदलला

घोड्यासारखा लांब चेहरा आणि बत्तिशी दाखवणारं हसू. हिरो म्हणून ज्याला कुणी उभंही केलं नसतं, तो गडी फ्रान्सचा लाडका विनोदी नट झाला. नाव फर्नांदेल.

मूळ नाव फर्नां कोंतांदँ. जन्म ८ मे १९०३, मार्सेयचा. वडील दिवसा कारकुनी करायचे आणि फावल्या वेळात स्टेजवर विनोदी गाणी म्हणायचे. पोरगाही लहानपणीच स्टेजवर चढला.

त्याच्या नावाचा पण एक किस्सा सांगतात. लग्नाआधी तो हेन्रिएतच्या इतका मागेपुढे असायचा की तिची आई त्याला तिचा फर्नां म्हणायला लागली. फ्रेंचमध्ये ते होतं फर्नां देल. झालं, तेच नाव चिकटलं.

आता प्रश्न पडतो, शिपायावरच कॉमेडी का?

तर तेव्हा फ्रान्समध्ये लष्करी सेवा सक्तीची होती. शेतकऱ्याचा पोरगा असो की बँकेतला कारकून, बराकीचं पाणी सगळ्यांनी प्यायलेलं. खेकसणाऱ्या साहेबाला तिथं उलट बोलता येत नव्हतं, पण थिएटरात त्याच्यावर हसता यायचं. स्टेजवरची ही कॉमेडी बोलपटात आली. १९३२ मध्ये फर्नांदेल जाँ गाबँसोबत घोडदळाच्या बराकीवरच्या सिनेमात झळकला. १९३७ च्या ‘इन्यास’मध्ये तो कर्नलच्या घरी राबणारा ऑर्डर्ली झाला. तिथं कर्नलपेक्षा कर्नलीणबाईंचाच दरारा जास्त.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मेले होते. या सिनेमांमध्ये मात्र आघाडी नव्हती, मरण नव्हतं. होती ती फक्त बराकीतली धमाल.

मग आलं १९४०. फ्रान्स सहा आठवड्यांत हरला आणि सुमारे १८ लाख सैनिक जर्मनांचे कैदी झाले. आता शिपायावर हसायचं कसं?

उत्तर १९५९ मध्ये फर्नांदेलनेच दिलं. ‘गाय आणि कैदी’ अशा अर्थाच्या नावाच्या सिनेमात तो जर्मनीतल्या शेतावर राबणारा युद्धकैदी होता. हातात दुधाची बादली, सोबत मार्गरीत नावाची गाय, आणि साहेब निघाले चालत फ्रान्सला. गाय घेऊन जाणाऱ्यावर संशय कोण घेणार? शेवटी तो फ्रान्सला पोहोचतो, पण पोलिसांना घाबरून धावत्या गाडीत चढतो. आणि ती गाडी निघते जर्मनीची.

फ्रान्समध्ये या सिनेमाची ८८ लाख तिकिटं विकली गेली. पिक्चर बघणाऱ्यांमध्ये कैदेतून परतलेले कितीतरी जण असणार.

२६ फेब्रुवारी १९७१ ला फर्नांदेल गेला. आधी त्याचा शिपाई साहेबाला चुकवायचा, नंतर तोच शिपाई घरची वाट शोधत होता. लोक दोन्ही वेळा हसले, फक्त दुसऱ्या वेळी त्यांना त्याच्या पायातला शीणही कळत होता.