वंडर वुमनच्या घराचा ताळेबंद

आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक घरात आला की भावंडांत झोंबाझोंबी ठरलेली. वेताळाची कवटीची अंगठी, त्याची गुहा आणि वाट पाहणारी डायना. ही डायना तशी धीट बाई. पण मासिक वेताळाचे, त्यामुळे शेवटचा ठोसा त्याचाच. यात काही चुकते आहे असे आम्हा मुलांना वाटले नाही. बहिणींना वाटले असेल, पण त्यांना विचारले कोणी?

अमेरिकेत १९४१ सालीच दुसरी एक डायना अवतरली होती, हे मला फार उशिरा कळले. ही वाट पाहणारी नव्हती. विमान कोसळून जखमी झालेल्या वैमानिकाला तीच वाचवते, मनगटावरच्या कंकणांनी गोळ्या परतवते आणि तिच्या सोनेरी दोरात सापडलेल्याला तिची आज्ञा मानावीच लागते. ही वंडर वुमन. तिचा जनक होता एक मानसशास्त्रज्ञ, विल्यम मोल्टन मार्स्टन.

मार्स्टनचा जन्म ९ मे १८९३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. तो हार्वर्डला शिकायला गेला त्याच वर्षी, १९११ मध्ये, इंग्लंडच्या मताधिकार चळवळीतल्या एमेलिन पँकहर्स्ट तिथे भाषणाला यायच्या होत्या. विद्यापीठाने त्यांना आवारात बोलू दिले नाही. सभा बाहेरच्या सभागृहात झाली. मताचा हक्क मागण्यासाठी त्या काळी बायका स्वतःला कठड्यांना साखळ्यांनी बांधून घेत. पुढे मार्स्टनच्या चित्रकथांत साखळ्या वारंवार येतात, त्याचे एक मूळ इथे आहे.

१९१५ साली त्याने एलिझाबेथ होलोवेशी लग्न केले. ती पदवीधर, तल्लख. तिला कायदा शिकायचा होता, पण हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयात बायकांना प्रवेश नव्हता आणि वडिलांनी पैसे द्यायला नकार दिला. सांगतात, की पाककृतींची पुस्तके विकून तिने फी उभी केली. बोस्टन विद्यापीठातून १९१८ साली ती वकील झाली. संतापले की आपला रक्तदाब चढतो, हे निरीक्षणही तिचेच. त्यावरून मार्स्टनने खोटे ओळखण्याची रक्तदाब चाचणी बसवली. १९२३ साली एका खुनाच्या खटल्यात वॉशिंग्टनच्या न्यायालयाने हा पुरावा नाकारला. तो फ्राय खटला अमेरिकन वकील आजही अभ्यासतात. चाचणीवर नाव मात्र एकट्या मार्स्टनचे राहिले.

१९२५ च्या सुमारास टफ्ट्स विद्यापीठात शिकवताना त्याला ऑलिव्ह बर्न ही विद्यार्थिनी भेटली. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. या दोघी बहिणींनी १९१६ साली ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी एथेलला तुरुंग झाला आणि तिने तिथे उपोषण केले. याच सँगरबाई १९३५ च्या डिसेंबरात गांधीजींशी चर्चा करायला वर्ध्याला येऊन गेल्या. आपल्याकडे र. धों. कर्वे तेव्हा हेच काम लोकांच्या शिव्या खात मुंबईत करत होते.

ऑलिव्ह मार्स्टनच्या घरी राहायला आली ती कायमची. एक पुरुष, दोन बायका, दोघींची दोन-दोन मुले. बाहेर सांगायला ऑलिव्ह ही विधवा नातलग. तिने आपल्या मुलांनाही त्यांचे वडील कोण ते सांगितले नाही. ते त्यांना १९६३ साली एलिझाबेथकडून कळले. एलिझाबेथने आपल्या मुलीचे नाव ऑलिव्ह ठेवले, एवढ्यावरून त्या दोघींमधले नाते ओळखावे. अंगठीऐवजी ऑलिव्ह मनगटात रुंद कंकणे घाली. तीच वंडर वुमनच्या हातात आली.

बँकेत आयुष्य गेलेला माणूस मी. कुणाचेही चरित्र वाचताना घर कशावर चालत होते हे आधी पाहतो. मार्स्टनच्या विद्यापीठातल्या नोकऱ्या एकेक करून सुटल्या. पगार आणी एलिझाबेथ, विमा कंपनीतल्या नोकरीतून. चारही मुले सांभाळी ऑलिव्ह, शिवाय टोपणनावाने मासिकांत लिही. आणि मार्स्टन १९३७ साली पत्रकारांना बोलावून, एक दिवस जगावर बायकांचे राज्य येईल, असे भाकीत करत होता!

कॉमिक्सचे दारही ऑलिव्हच्याच लेखणीने उघडले. १९४० साली तिने 'फॅमिली सर्कल'मध्ये त्याची मुलाखत लिहिली, ती वाचून प्रकाशक मॅक्स गेन्स यांनी त्याला सल्लागार नेमले. नायक बाई असावी ही सूचना एलिझाबेथची, असे सांगितले जाते. चार्ल्स मोल्टन या नावाने त्याने कथा लिहिल्या, हॅरी पीटर यांनी चित्रे काढली. वंडर वुमनचा एक नियम असा, की पुरुषाने तिची कंकणे साखळीने जोडली की तिची शक्ती जाते. मग दर अंकात तिला बांधले जाई, ती सुटे. स्त्रीमुक्तीचा हा धडा की लेखकाची खासगी आवड, असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. प्रकाशकाच्या सल्लागार जोसेट फ्रँक यांनी साखळ्यांना हरकत घेतली. मला वाटते दोन्ही खरे होते.

१९४२ साली वंडर वुमनला अतिमानवांच्या मंडळात घेतले. काम कोणते? सेक्रेटरीचे. ती कथा दुसऱ्या लेखकाची होती. हे वाचून मी हसलो, आणि मग हसू विरले. आमच्या शाखेत पहिली महिला अधिकारी रुजू झाली तेव्हा मीटिंगचे इतिवृत्त लिहायचे काम आपोआप तिच्याकडे गेले. चहा सांगायचेही. हातातली वही तिच्यापुढे सरकवणारा मीच होतो. कर्जाची प्रकरणे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा चांगली कळत.

१९४४ साली मार्स्टनला पोलिओ झाला. जॉय हमेल या तरुण विद्यार्थिनीला त्याने मदतीला घेतले. पुढच्या कितीतरी कथा तिने लिहिल्या, छापल्या गेल्या त्या चार्ल्स मोल्टनच्याच नावावर. २ मे १९४७ रोजी, चोपन्नाव्या वाढदिवसाला आठवडा उरला असताना, तो कर्करोगाने गेला.

लेखन आपल्याकडे द्यावे अशी तयारी एलिझाबेथने कंपनीला कळवली. काम दुसऱ्या पुरुषाकडे गेले आणि वंडर वुमन हळूहळू लग्नाच्या विचारात पडली. १९६८ साली तर तिची शक्ती काढून तिला कपड्यांचे दुकान थाटून दिले. १९७२ च्या जुलैत 'मिज्' या स्त्रीवादी मासिकाने तिला मुखपृष्ठावर घेतले आणि पुढच्या वर्षी शक्ती परत आली.

घरी मात्र दोघी एकमेकींना धरून राहिल्या, मार्स्टननंतर चार दशके. मुले शिकली, मोठी झाली. ऑलिव्ह १९९० साली गेली, एलिझाबेथ १९९३ मध्ये, शंभराव्या वर्षी.

मार्स्टन ढोंगी होता असे मी म्हणणार नाही. मुलींच्या हाती त्याने एक नायिका दिली, हे जमेच्या बाजूला ठळक लिहायला हवे. पण बायका जग चालवू शकतात हे त्याला कुठल्या पुराणातून कळले नव्हते. त्याचे घर त्या चालवत होत्या, हे तो रोज पाहत होता. खात्यावर नाव एकाचे आणि भरणा दोघींचा, अशी खाती मी बँकेत पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा सही तपासली, की माझे काम संपत असे.