खिडकी उघडायला शिकवणारा रसायनशास्त्रज्ञ

भवानीनगर परिसरात उसाचा गळीत हंगाम ऐन थंडीत चालतो आणि मुलांच्या अभ्यासाचे दिवसही तेच. एका खोलीत दहा-बाराजण बसलेले, दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या. तासाभरात जांभया सुरू होतात, वाचलेले डोक्यात शिरत नाही. आपण आळसाला दोष देतो. पण दोष खोलीतल्या हवेचाही असू शकतो. ही हवा आकड्यांत मोजायला शिकवले ते जर्मन शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी.

त्यांचा जन्म 3 डिसेंबर 1818 रोजी बव्हेरियातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. म्युनिकमध्ये राजदरबाराचे औषधनिर्माते असलेल्या काकांनी त्यांना शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. मध्यंतरी काकांशी बिनसले, तेव्हा घर सोडून त्यांनी नाटकात कामे केली. पण ते परतले आणि 1843 मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. पित्तातील आम्ले ओळखण्याची त्यांची चाचणी प्रसिद्ध आहे. तिच्यात साखर आणि सल्फ्युरिक ॲसिड वापरतात.

पुढे घरे तापवण्याच्या पद्धतींचा अभ्यास करताना ते खोलीतल्या हवेकडे वळले. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग आपण शाळेत केलेला असतो. त्याच तत्त्वावर, बेरियम हायड्रॉक्साइडचे द्रावण वापरून, हवेतला कार्बन डायऑक्साइड नेमका मोजण्याची पद्धत त्यांनी बसवली. 1858 मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: राहत्या खोलीत हा वायू हजारात एक भागापेक्षा जास्त नसावा. आजच्या भाषेत हे 1000 पीपीएम. आजही अनेक ठिकाणी हाच आकडा चांगल्या वायुविजनाची खूण मानला जातो.

त्यांचा खरा मुद्दा मात्र वेगळा होता. एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी ठरतो, असे त्यांचे म्हणणे नव्हते. माणसांच्या श्वासाने आणि घामाने हवा किती कोंदटली, हे दाखवणारा तो निर्देशक होता. उच्छ्वासात सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. त्यामुळे तो साठला, की बाहेरची हवा पुरेशी येत नाही हे कळते.

1865 मध्ये ते म्युनिक विद्यापीठात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. शहराला स्वच्छ पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था मिळावी म्हणून ते झटले. पण कॉलऱ्याबाबत ते चुकले. केवळ जंतूंमुळे साथ येत नाही, त्याला जमिनीची विशिष्ट स्थिती लागते, या मतावर ते अडून राहिले. रॉबर्ट कॉख यांना खोटे ठरवण्यासाठी 1892 मध्ये, वयाच्या 73व्या वर्षी, ते कॉलऱ्याचे जंतू प्यायले. जुलाबावर निभावले, मात्र त्यांचे मत टिकले नाही. अखेरच्या काळात नैराश्याने ग्रासलेल्या पेटेनकोफर यांनी 10 फेब्रुवारी 1901 रोजी जीवन संपवले.

त्यांच्या आकड्याची कथा मात्र पुढे चालू राहिली. 2012 मध्ये अमेरिकेत 22 जणांना 600, 1000 आणि 2500 पीपीएम अशा हवेत बसवून निर्णयक्षमता तपासली गेली. इतर सगळे तसेच ठेवून फक्त हा वायू वाढवला, तरी गुण घसरले; 2500ला तर बरेच. नंतर पाणबुडीतील कर्मचाऱ्यांवर झालेल्या चाचणीत असा परिणाम दिसला नाही. म्हणजे दोषी हा वायू की त्याच्यासोबत साठणारे इतर घटक, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उपाय मात्र दोन्ही बाबतींत एकच आहे. बाहेरच्या हवेत हा वायू आज सुमारे 420 पीपीएम आहे; ती हवा आत येऊ द्यायची. पंखा आतलीच हवा फिरवतो. घरचा साधा एसीही बहुधा तीच हवा थंड करतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्यात. थंडी असेल तर दर तासाला काही मिनिटे तरी. जांभई देणाऱ्या मुलाला रागावण्याआधी खिडकीची कडी काढून पाहावी.