वजिराची मोहर
गिलानहून दख्खनेत आलेले ख्वाजा महमूद गावान बहामनी राज्याचे वजीर झाले. 1472 साली बीदरला त्यांनी मदरसा बांधला, तोही पदरच्या खर्चाने. मोठ्या सुभ्यांची वाटणी करून सुभेदारांची सत्ता त्यांनी कमी केली, आणि तेच दरबारातील दख्खनी सरदारांना सलले. वजिराच्या मोहरदाराला वश करून त्यांनी कोऱ्या कागदावर मोहर उठवून घेतली. मग त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण लिहिले. स्नेह्यांनी सावध केले, तरी ख्वाजासाहेब निघून गेले नाहीत. सुलतानासमोर त्यांनी मोहर नाकारली नाही. मजकूर मात्र नाकारला. चौकशी कसली! 5 एप्रिल 1481 रोजी, सत्तरी ओलांडलेल्या या वजिराची गर्दन मारली गेली. नंतर त्यांची तिजोरी तपासली, तर शिल्लक अगदी किरकोळ निघाली.