एलिझाबेथ मॅगी : मोनॉपली खेळाची मूळ जननी

उन्हाळ्याच्या सुटींत भर दुपारीं घराबाहेर पडण्याची सोय नसली म्हणजे पुष्कळ घरांत व्यापाराचा पट मांडला जातो. फांसे टाकावे, सोंगटी पुढें सरकवावी, मुंबई, दिल्ली अशीं शहरें विकत घ्यावीं, त्यांवर घरें बांधावीं आणि दुसऱ्याची सोंगटी आपल्या जागेवर येऊन थांबली म्हणजे त्याच्याकडून भाडें वसूल करावें, असा हा खेळ आहे. शेवटीं सर्व पैसा एकाच्याच हातीं येतो व बाकीचे हात झाडून उठतात. ज्या अमेरिकन खेळाच्या धर्तीवर हा पट आपल्याकडे तयार झाला, त्याचें नांव मोनॉपली, म्हणजे मक्तेदारी. परंतु तो पट प्रथम कोणीं आंखला व कोणत्या हेतूनें आंखला, हें खेळणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असतें. ज्या बुद्धिमान् स्त्रीनें तो आंखला तिचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. त्यांत मुलांनीं विचार करण्यासारखें तर आहेच, पण मुलांना खेळ विकत आणून देणाऱ्या वडील मंडळींनींही लक्षांत घेण्यासारखें कांहीं आहे.

एलिझाबेथ मॅगी यांचा जन्म अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत मकोम या गांवीं ९ मे १८६६ रोजीं झाला. त्यांना सर्व लोक लिझी म्हणत. त्यांचे वडील जेम्स मॅगी हे वर्तमानपत्राचे चालक असून गुलामगिरीच्या चालीचे कट्टे विरोधक होते. १८५८ सालीं अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांचे जे इतिहासप्रसिद्ध वादविवाद झाले, त्या प्रसंगीं ते लिंकन यांच्याबरोबर गांवोगांव हिंडले होते. अशा घरांत वाढलेल्या मुलीस अन्यायाची चीड लहानपणापासूनच असावी, यांत नवल नाहीं.

वडिलांमुळेंच लिझी यांचा हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाच्या मतांशीं परिचय झाला. जॉर्ज यांचा प्रगति आणि दारिद्र्य हा ग्रंथ १८७९ सालीं बाहेर पडला व त्यानें अमेरिकेंत मोठीच खळबळ उडवून दिली. देशांत कारखाने व आगगाड्या वाढत असतां दारिद्र्यही वाढत जातें याचें कारण काय, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचें उत्तर असें होतें कीं, जमीन कोणा माणसानें निर्माण केलेली नाहीं. तिची किंमत वाढते ती सर्व समाजाच्या श्रमामुळें. परंतु त्या वाढीचा लाभ मात्र एकटा जमीनदार घरीं बसून घेतो. यास्तव श्रमावर व मालावर कर न बसवितां फक्त जमिनीच्या किंमतीवर एकच कर बसवावा व तें उत्पन्न सर्वांच्या कामीं लावावें, असें ते प्रतिपादीत. हें मत लिझी यांना पूर्णपणें पटलें व त्याचा प्रसार करणें हें त्यांनीं आपलें कार्य मानिलें.

त्यांची स्थिति मात्र श्रीमंतीची नव्हती. वॉशिंग्टन शहरीं लघुलेखनाचें काम करून त्या आपला निर्वाह करीत. उरलेल्या वेळांत त्या कविता व गोष्टी लिहीत, रंगभूमीवर कामें करीत, आणि यंत्रांतही त्यांची बुद्धि चांगली चालत असे. टंकलेखन यंत्राच्या रुळांतून कागद अधिक सुलभतेनें सरकावा अशी एक युक्ति शोधून काढून १८९३ सालीं त्यांनीं तिचें पेटंट मिळविलें. पेटंट म्हणजे आपल्या शोधाचा कांहीं ठराविक मुदतीपर्यंत दुसऱ्या कोणीं उपयोग करूं नये असा सरकारनें दिलेला हक्क. त्या काळीं अशा हक्कांच्या यादींत स्त्रियांचीं नांवें क्वचितच आढळत.

व्याख्यानें ऐकण्यास थोडे लोक येतात, ग्रंथ वाचणारे त्याहूनही थोडे असतात. पण खेळास कोण नाहीं म्हणतो? हें ओळखून मॅगीबाईंनीं आपल्या गुरूची शिकवण एका पटावर उतरविण्याचें ठरविलें. २३ मार्च १९०३ रोजीं त्यांनीं अर्ज केला व ५ जानेवारी १९०४ रोजीं त्यांस पेटंट मिळालें. या खेळास त्यांनीं जमीनदाराचा खेळ असें नांव दिलें होतें.

त्या वेळचे बहुतेक पट एका टोंकास आरंभ होऊन दुसऱ्या टोंकास संपणारे असत. मॅगीबाईंचा पट चौरस असून सोंगट्या त्याच्या कडेनें पुनः पुनः फिरत राहात. दर बाजूस मध्यें नऊ घरें होतीं. चार ठिकाणीं आगगाडीचीं स्थानकें होतीं. कोपऱ्यांत एके ठिकाणीं तुरुंग व एके ठिकाणीं सार्वजनिक बाग होती. प्रत्येक फेरी पुरी करणारास शंभर डॉलर मजुरी मिळे, कारण भूमातेवर केलेल्या श्रमाचें तें फळ होय. पटावर भाकरी, कोळसा, कपडे व निवारा या जीवनास अवश्य असणाऱ्या वस्तूंचींही घरें होतीं, व एका उमरावाच्या वतनांत चुकून पाऊल पडलें तर खेळणाराची रवानगी तुरुंगांत होई. आजचा मोनॉपलीचा पट ज्यानें पाहिला आहे, त्यास या वर्णनांत ओळखीचें बरेंच दिसेल.

या खेळाची खरी मौज अशी कीं, तो दोन प्रकारच्या नियमांनीं खेळतां येत असे. पहिल्या प्रकारांत ज्याची जमीन त्याचें भाडें. तेव्हां एकजण गबर होई व इतर भिकेस लागत. दुसऱ्या प्रकारांत जमिनीचें भाडें धन्याच्या खिशांत न जातां सार्वजनिक खजिन्यांत जमा होई, आणि त्यांतून दिवाबत्ती, ट्रामगाडी यांसारख्या सोयी लोकांच्या मालकीच्या होत. एकच पट व एकच फांसे घेऊन मुलांनीं दोन्ही प्रकारें खेळावें, आणि नियम बदलतांच माणसांची दशा कशी बदलते हें डोळ्यांनीं पाहावें, हा बाईंचा हेतु होता. मुलांची न्यायबुद्धि निर्मळ असते, तेव्हां लहानपणींच हा धडा मिळाला तर तीं मोठेपणीं त्यास विसरणार नाहींत, अशी त्यांची श्रद्धा होती.

१९०६ सालीं न्यूयॉर्क येथील एका लहानशा मंडळीनें हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मॅगीबाई शिकागो येथें राहावयास गेल्या. तेथें त्यांस आठवड्यास जेमतेम दहा डॉलर मिळत. स्त्रियांस मिळणाऱ्या अल्प वेतनाकडे लोकांचें लक्ष वेधावें म्हणून त्यांनीं वर्तमानपत्रांत अशी एक विलक्षण जाहिरात दिली कीं, एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री विक्रीस असून जो अधिक किंमत देईल त्यास ती मिळेल. या जाहिरातीनें देशभर गवगवा झाला. माणूस हा यंत्र नव्हे, त्यास मन व आकांक्षा आहेत, एवढेंच त्यांस सांगावयाचें होतें. पुढें १९१० सालीं त्यांचा आल्बर्ट फिलिप्स यांच्याशीं विवाह झाला. त्याच वर्षीं पार्कर ब्रदर्स या सेलेम शहरच्या प्रसिद्ध खेळविक्या मंडळीनें त्यांचा खोट्या खटल्याचा एक पत्त्यांचा खेळ छापला.

इकडे जमीनदाराच्या खेळास विलक्षण पाय फुटले होते. डेलावेअर संस्थानांत जॉर्ज यांच्या अनुयायांनीं आर्डेन नांवाची वसाहत केली होती. तेथें तो आवडीनें खेळला जाई. तेथें राहणारे स्कॉट निअरिंग या अध्यापकांनीं तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतील आपल्या विद्यार्थ्यांस शिकविला. विद्यार्थी मेणकापडावर किंवा लांकडी फळीवर स्वतः पट आंखून घेत व आपापल्या गांवच्या रस्त्यांचीं नांवें घालीत. अटलांटिक सिटी येथील क्वेकर पंथाच्या मंडळींत तो शिरला तेव्हां पटावर त्या शहरचे रस्ते आले. हळूहळू लोक त्यास मक्तेदारीचा खेळ म्हणूं लागले, दुसऱ्या प्रकारच्या नियमांचा विसर पडला, आणि आंखणारणीचें नांव तर कोणासच उरलें नाहीं. पहिल्या पेटंटची सतरा वर्षांची मुदत १९२१ सालीं संपली, म्हणून मॅगीबाईंनीं सुधारलेल्या खेळाचें दुसरें पेटंट १९२४ सालीं घेतलें.

१९२९ नंतर अमेरिकेंत मंदीचें भयंकर संकट आलें व लक्षावधि लोक बेकार झाले. त्यांतच फिलाडेल्फियाजवळचे चार्लस डॅरो हे गृहस्थ होते. एका परिचितानें त्यांस हा खेळ शिकविला. डॅरो यांनीं तो पट उतरून घेतला, सुबक करविला व आपला म्हणून विकावयास आरंभ केला. त्यांनीं ज्या पटावरून नक्कल केली त्यावर एका ठिकाणाचें नांव एका अक्षरानें चुकलेलें होतें. ती चूकही तशीच उतरली आणि पुढें छापील पटावरही कायम राहिली. नक्कल करणारानें मजकूर झांकला तरी चुका बोलल्यावांचून राहात नाहींत!

१९३५ सालीं पार्कर ब्रदर्स यांनीं डॅरो यांच्याकडून हा खेळ घेतला. विक्री इतकी झपाट्यानें झाली कीं, डॅरो यांस दर प्रतीमागें मिळणाऱ्या मोबदल्यानें ते धनाढ्य झाले. परंतु मंडळीस लौकरच उमगलें कीं, हा खेळ नवा नाहीं. तेव्हां तिनें फायनान्स नांवाच्या एका मिळत्याजुळत्या खेळाचे हक्क खरेदी केले, आणि त्याच वर्षीं मालक जॉर्ज पार्कर हे स्वतः मॅगीबाईंस भेटावयास गेले. त्यांच्या पेटंटबद्दल पांचशें डॉलर ठरले. प्रत्येक प्रतीमागें कांहीं मिळावयाचें नव्हतें. बाईंनीं तें मान्य केलें, कारण आतां आपली शिकवण घरोघर पोंचेल अशी त्यांस आशा वाटली.

ती आशा फोल ठरली. घरोघर पोंचला तो मक्तेदारीचा खेळ. जमिनीच्या न्यायाचा धडा नव्हे. पेटीवरील गोष्टींत एका बेकार माणसाच्या कल्पकतेचें कौतुक होतें, मॅगीबाईंचा उल्लेख नव्हता. सत्तरीस टेंकलेल्या या बाईंनीं १९३६ च्या जानेवारींत वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रकारांस बोलावून आपले जुने पट दाखविले व खेळाचें मूळ आपलें असल्याचें जाहीर केलें. परंतु लोकांस दुसरीच गोष्ट गोड लागली होती. मंडळीनें १९३९ सालीं जमीनदाराचा खेळ बाईंच्या नांवानें छापला खरा, पण तो फारसा खपला नाहीं. १९४० सालच्या शिरगणतींत मॅगीबाईंनीं आपला धंदा खेळ तयार करणें असा नोंदविला व त्याच्या उत्पन्नाच्या रकान्यांत शून्य लिहविलें. १९४८ सालीं, वयाच्या एक्यायशीव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. त्यांस मूलबाळ नव्हतें, आणि त्यांच्या कीर्तीचाही कोणी वारस तेव्हां दिसत नव्हता.

पण सत्य कधीं कधीं उशीरानें कां होईना, वर येतें. १९७३ सालीं राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनीं मक्तेदारीविरुद्ध शिकवण देणारा एक खेळ काढला, तेव्हां पार्कर ब्रदर्सच्या चालकांशीं त्यांचा नांवाच्या हक्कावरून मोठा खटला जुंपला. तो कित्येक वर्षें चालला. पुराव्याच्या शोधांत अँस्पाक जुने खेळाडू व जुने पट यांच्यापर्यंत जाऊन पोंचले, आणि त्या वाटेनें जाऊन त्यांस मॅगीबाईंचें पेटंट सांपडलें. तेव्हांपासून त्यांचें नांव जगास कळूं लागलें.

येथें कोणी असें म्हणेल कीं, पांचशें डॉलर बाईंनीं स्वखुषीनें घेतले, मग तक्रार कसली? कायद्याच्या दृष्टीनें हें खरें आहे. पटाचा विकास अनेक अनामिक हातांनीं केला व डॅरो यांनीं त्यास सुबक रूप दिलें, हेंही खरें आहे. परंतु कायद्यानें सौदा पुरा झाला म्हणजे न्याय पुरा झाला असें नाहीं. वस्तूची किंमत देऊन वस्तु घेतां येते. ती कोणीं निर्माण केली हें सत्य मात्र विकत घेतां येत नाहीं. मक्तेदारीचे दोष दाखविण्यासाठीं रचलेला खेळच एका मंडळीची मक्तेदारी होऊन बसावा, याहून मोठी विटंबना ती कोणती?

हा प्रश्न जुन्या काळाबरोबर संपलेला नाहीं. पुढें संगणकावरील खेळांचा धंदा निघाला, तेव्हां अटारी नांवाची मंडळी आपल्या खेळांवर ते रचणारांचीं नांवें छापीत नसे. नांव व योग्य मोबदला मिळावा म्हणून तिच्या चार कुशल रचनाकारांनीं बाहेर पडून १९७९ सालीं दुसरी मंडळी स्थापिली. वॉरन रॉबिनेट नांवाच्या आणखी एका तरुणानें १९८० च्या सुमारास निघालेल्या आपल्या खेळांत एक गुप्त खोली ठेवून तींत स्वतःचें नांव लपविलें. एका मुलानें ती शोधून काढली तेव्हां हें उघडकीस आलें. मॅगीबाईंस अशी गुप्त खोली ठेवतां आली नाहीं, एवढाच फरक.

विद्यार्थिमित्रहो, खेळ हा निव्वळ वेळ घालविण्याचा पदार्थ नव्हे. त्याच्या नियमांत रचणाराचे विचार असतात, व खेळतां खेळतां ते नकळत आपलेही होतात. म्हणून पटावर मांडलेला असो कीं कांचेच्या पडद्यावर दिसणारा असो, कोणताही खेळ हातीं घेतांना तो कोणीं रचला, त्यास काय सांगावयाचें होतें व त्याच्या श्रमाचें फळ कोणास मिळालें, एवढें विचारण्याची संवय ठेवा. वडील मंडळींनींही तो विकत घेतांना हेच प्रश्न विचारावे. आणि पुढच्या सुटींत व्यापाराचा पट मांडाल, तेव्हां एक डाव भाडें सर्वांच्या खजिन्यांत टाकून खेळून पाहा. मॅगीबाईंनीं जो धडा देण्यासाठीं आयुष्य वेंचिलें, तो त्या एका डावांत तुम्हांस मिळेल. आणि त्यांचें ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग दुसरा नाहीं.