अंगठ्याखालची दोन बटणं

ऑल्ट आणि स्पेस दाबायचं, चार अक्षरं टाईप करायची, एंटर मारला की प्रोग्रॅम हजर! माऊसला हातसुद्धा लावायचा नाही. असे लाँचर वापरणारे आपल्या हॉस्टेलवर बरेच आहेत, पण जेफ रस्किन हे नाव त्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं.

रस्किन ह्यांचा जन्म ९ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. गणित, फिलॉसॉफी, मग कॉम्प्युटर सायन्स, आणि वर संगीताचं वेड. १९७८ साली ते ॲपलमध्ये एकतिसावे कर्मचारी म्हणून लागले. १९७९ साली सामान्य माणसासाठी स्वस्त कॉम्प्युटर करायचा प्रकल्प त्यांनी सुरू केला आणि आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला मॅकिन्टॉश नाव दिलं. १९८१ मध्ये स्टीव्ह जॉब्जने प्रकल्प ताब्यात घेतला. १९८२ मध्ये रस्किन बाहेर पडले. १९८४ चा मॅक जगभर गाजला, पण तो त्यांच्या मनातला नव्हताच.

मनातला आला १९८७ साली, कॅनन कॅट ह्या नावाने. त्याला माऊस नाही, आयकॉन नाहीत. स्पेसबारच्या खाली 'लीप' नावाची दोन बटणं. एक अंगठ्याने दाबून धरायचं आणि हवा तो शब्द टाईप करायला लागायचं. एकेक अक्षर पडेल तसा कर्सर उडी मारून तिथे जातो. दुसरं बटण उलट्या दिशेला. आजचा लाँचर नावं शोधतो ते जवळपास असंच!

"दाबून धरायचं" ह्यातच सगळी गंमत आहे. कॅप्स लॉक चुकून लागला तर अख्खी ओळ कॅपिटलमध्ये गेल्यावर कळतं. शिफ्टचं तसं होत नाही, कारण बोटालाच माहीत असतं की आपण काय दाबलंय. रस्किन ह्यांनी हा विचार २००० सालच्या 'द ह्युमेन इंटरफेस' ह्या पुस्तकात नीट मांडला. कॅट मात्र बाजारात वर्षभरही टिकलं नाही.

त्याच पुस्तकात ते कस्टमायझेशनच्या विरोधात आहेत, आणि इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे. त्यांचं म्हणणं, इंटरफेस चांगला करणं हे डिझायनरचं काम, ते वापरणाऱ्याच्या गळ्यात कशाला? लॅबमधल्या पीसीवर कोणी सगळे शॉर्टकट बदलून ठेवले की पुढच्या बॅचचे जे हाल होतात ते बघता हे पटतंही. पण स्वतःच्या मशीनवर?

२६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅन्सरने ते गेले. मुलगा एझा ह्याच्या कंपनीने २००७ मध्ये एन्सो नावाचा लाँचर काढला. कॅप्स लॉक दाबून धरायचा, कमांड टाईप करायची, सोडायचा. वडिलांचीच पद्धत. पण त्यात एखाद्या फाईलला आपल्याला हवं ते नाव शिकवायचीही सोय होती! वडिलांना ती कितपत रुचली असती कोण जाणे. माझ्या लाँचरमध्ये तरी "जर्नल" टाईप केलं की प्रॅक्टिकलचं फोल्डर उघडतं, आणि ते मी बदलणार नाहीये.