गुडघ्याच्या वाटीला चांदीची तार : जोसेफ लिस्टर

पडून गुडघ्याची वाटी मोडली आणि तुकडे एकमेकांपासून सरकले, की डॉक्टर तुम्हाला ऑपरेशन सुचवतात. नुसत्या प्लास्टरने का भागत नाही? मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीचा वरचा तुकडा वर ओढतो. मधल्या फटीत हाड न भरता चिवट तंतूंचा पट्टा तयार होतो आणि पाय सरळ करण्याची ताकद कमी होते. म्हणून हाडाला भोके पाडून तार किंवा मजबूत दोरा ओवतात आणि तुकडे आवळून बांधतात.

हे करण्याची हिंमत ज्यांनी दाखवली त्यांत जोसेफ लिस्टर यांचे नाव मोठे आहे. त्यांचा जन्म १८२७ सालचा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातला. वडील दारूचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाची भिंगे सुधारण्यात त्यांनी नाव कमावले होते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणाऱ्या जगाची ओळख मुलाला घरातच झाली.

ग्लासगोत लिस्टर शल्यचिकित्सेचे प्राध्यापक असताना ऑपरेशन नीट व्हायचे, पण जखम सडून रुग्ण दगावायचा. त्यांच्याच नोंदींनुसार हातपाय कापलेल्या ३५ जणांपैकी १६ जण मेले. पाश्चर यांचे जंतूंवरचे काम वाचल्यावर १८६५ मध्ये त्यांनी जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली. पुढच्या ४० रुग्णांत मृत्यू ६ वर आले.

१८७७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये आले. तिथे त्यांना फारसे कुणी मानत नव्हते. त्याच ऑक्टोबरमध्ये वाटी मोडलेला एक रुग्ण आला. इथे धोका नीट समजून घ्या. त्याची कातडी शाबूत होती, म्हणजे जीव धोक्यात नव्हता. गुडघ्याचा सांधा उघडला तरच जंतू आत जाणार होते आणि तसे झाले असते तर पाय, कदाचित प्राणही गेला असता. रुग्ण दगावला तर लिस्टर यांच्यावर खटला भरावा, इथपर्यंत डॉक्टरमंडळींत बोलले गेले.

लिस्टर यांनी सांधा उघडला. दोन्ही तुकड्यांना तिरकी भोके पाडली, ती अशी की तार सांध्याच्या गुळगुळीत कूर्चेवर घासू नये. मग चांदीची जाड तार ओवून पीळ दिला. जखम पू न होता भरली. मला विचाराल तर या ऑपरेशनात भोक पाडणे सोपे होते. हाडाला भोक पाडण्याची हत्यारे आधीपासूनच होती. सांधा उघडूनही तो सडणार नाही, ही खात्री मात्र कुणाकडे नव्हती. १८८३ मध्ये लिस्टर यांनी असे बरे झालेले रुग्ण लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे चालवून दाखवले.

हट्टी मात्र ते नव्हते. ऑपरेशनच्या वेळी हवेत उडवायचा कार्बोलिकचा फवारा निरुपयोगी आहे हे पटल्यावर, १८९० च्या सुमारास त्यांनी तो स्वतःच सोडला. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज वाटीला बहुधा स्टीलची तार वापरतात, काही वेळा न विरघळणारा जाड दोरा. वाटीवर कातडी पातळ असते, त्यामुळे गुडघे टेकताना तारेचे टोक बोचू शकते. तसे झाले तर हाड जुळल्यावर तार काढता येते. पण जागा लाल झाली, पाणी येऊ लागले किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा.