मतदानाच्या हक्कासाठी भांडलेले व्हिक्टर ह्यूगोच 'मतदानाला जाऊ नका' का म्हणाले?

'ले मिझराब्ल' लिहिणारे व्हिक्टर ह्यूगो जवळपास १९ वर्षं फ्रान्सबाहेर राहिले. सुरुवातीला नाइलाज होता. शेवटची ११ वर्षं मात्र त्यांनी स्वतःहून निवडली.

मुळात या माणसाला हक्काचं राजकीय घर असं मिळालंच नाही. आई राजेशाहीची समर्थक, वडील नेपोलियनच्या सैन्यात सेनापती. तरुणपणी ह्यूगोंनी राजाचं गुणगान केलं, अठराव्या लुईकडून त्यांना वर्षासनही मिळालं. १८४५ मध्ये लुई फिलिपनं त्यांना वरिष्ठ सभागृहात घेतलं. १८४८ मध्ये प्रजासत्ताक आलं, तर ते उजव्यांच्या बाकावर बसले. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांच्या घरच्या वृत्तपत्रानं नेपोलियनचा पुतण्या लुई बोनापार्टला पाठिंबा दिला. ही चूक फार महागात पडणार होती.

१८५० मध्ये उजव्या बहुमतानं कायदा करून सुमारे ३० लाख मतदारांचा हक्क काढला, बहुतेक गरिबांचा. ह्यूगो आपल्याच जुन्या साथीदारांविरुद्ध उभे राहिले.

२ डिसेंबर १८५१ ला बोनापार्टनं सत्ता बळकावली आणि, गंमत बघा, त्याच दिवशी सगळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क परत दिला! ज्या हक्कासाठी ह्यूगो भांडले, तोच आता हुकूमशहाच्या कामी येणार होता. पॅरिसच्या रस्त्यांवर लोकांना उठवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. मग एका कामगाराच्या नावाच्या पासपोर्टवर ते ब्रसेल्सला निसटले. जानेवारीत हद्दपारीचा हुकूम निघाला.

बोनापार्टला सम्राट करावं का, यावर नोव्हेंबर १८५२ मध्ये जनमत घ्यायचं ठरलं. ह्यूगो तेव्हा जर्सी बेटावर होते. तिथल्या निर्वासितांच्या वतीनं त्यांनी पत्रक काढलं: या मतदानाला जाऊच नका. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झालेली, विरोधक तुरुंगात किंवा परदेशात. अशा वेळी विरोधात मत देणं म्हणजेसुद्धा तो खेळ मान्य करणं होतं.

निकाल? सुमारे ७८ लाख बाजूने, अडीच लाख विरोधात. जवळपास २० लाख मतदार फिरकलेच नाहीत. त्यातले निषेध म्हणून किती आणि आळसानं किती, हे आकडा सांगत नाही. बहिष्काराची हीच तर अडचण!

१८५९ मध्ये सरकारनं सरसकट माफी दिली. बरेच सोबती परतले. ह्यूगो गर्न्सी बेटावरच थांबले. स्वच्छ हवेत तिथून फ्रान्सचा किनारा दिसतो. १८६३ आणि १८६९ च्या निवडणुका त्यांच्याविना झाल्या. उभं राहायचं तर उमेदवाराला सम्राटाशी निष्ठेची लेखी शपथ द्यावी लागे. साध्या मतदाराला तशी अट नव्हती, पण ते गेले नाहीत.

याची किंमत घरानंही मोजली. बेटाला कंटाळून बायको-मुलं ब्रसेल्सला राहू लागली. १८६८ मध्ये पत्नी आदेल तिथेच वारल्या. त्यांना फ्रान्समध्ये मुलीच्या कबरीशेजारी पुरायचं होतं. ह्यूगो शवपेटीसोबत सरहद्दीपर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले.

१८७० च्या जनमताच्या वेळी मात्र त्यांनी बहिष्कार सांगितला नाही. मुलांच्या 'ल रापेल' वृत्तपत्रात त्यांनी स्पष्ट नकार लिहिला आणि तो अंक जप्त झाला. या वेळी विरोधी मतं १५ लाखांवर गेली. जिंकला सम्राटच, पण चार महिन्यांत प्रशियाकडून हरून त्याची सत्ता कोसळली. ५ सप्टेंबरला ह्यूगो पॅरिसमध्ये उतरले.

फेब्रुवारी १८७१ मध्ये पॅरिसनं त्यांना निवडून दिलं. ८ मार्चला गॅरिबाल्डीची बाजू मांडताना सभागृहानं त्यांना बोलू दिलं नाही. तिथेच त्यांनी राजीनामा दिला.